गाडी चालवताना तुमचं लक्ष कुठे असतं? खान्देशी मंडळी, अनुभव सांगा

मी सुरुवात करतो. जळगावहून धुळ्याला चाललो होतो. ब्लूटूथवर मोठ्या भावाशी शेताच्या वाटणीचं बोलणं चाललं होतं. हात स्टेअरिंगवर, डोळे समोर. फागणे आलं तेव्हा मनात आलं, पारोळा कधी गेलं? काहीच आठवेना. अंगावर काटा आला. तुमचं काय?

केळीची गाडी, सावदा
आमचा माल दिल्लीला जातो. घड पिकायच्या आत पोचायला हवं, म्हणून व्यापाऱ्याचा फोन सारखा, "कुठे पोहोचला?" एकदा रावेरच्या पुढे बोर्डभावाचा, म्हणजे केळीच्या जाहीर भावाचा, मेसेज आला नि मी वाचायला गेलो. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. मी तीन सेकंद तरी खाली पाहिलं असेल. मान वर केली तर समोर कडब्याची बैलगाडी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कचकचून ब्रेक दाबला, क्लीनरचं डोकं काचेवर आपटलं. तेव्हापासून फोन त्याच्याकडे. तो व्यापाऱ्याला सांगतो, "उस्ताद गाडी चालवताहेत, काय ते मला सांगा."

चाळीसगावकर
कन्नड घाट लागला की माझा हात आपोआप गाण्यांचा आवाज कमी करतो. वळणापलीकडचा हॉर्न ऐकू यायला नको?

स्कूटीवाली, अमळनेर
स्कार्फमध्ये मोबाइल खोचून मीही बोलायचे. एकदा मागे बसलेली लेक ओरडली, "मम्मी, गाय!" मला गाय दिसलीच नव्हती. डोळे उघडे होते हो माझे.

रिटायर एसटी ड्रायव्हर, नवापूर
गिअर, क्लच हे हातापायांना पाठ होतं, त्याला मन लागत नाही. बोलण्याला लागतं. दोन कामं एकदम होत नाहीत भाऊ, मन इकडून तिकडे पळत राहतं. डबल बेल झोपेतही ऐकू यायची मला, पण कोंडाईबारी घाटात कुणी केबिनमध्ये गप्पा मारायला आलं की मी सरळ सांगायचो, "आबा, मागे बसा."

धागाकर्ता
@नवापूर, हेच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून गाडी चालवणं कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये, आलं. कानातल्या फोनला त्यात काही नाही, म्हणून आपण निर्धास्त.
काल परत भावाचा फोन आला. एरंडोलला टपरीपाशी गाडी लावली, चहा घेत वीस मिनिटं बोललो. नंतर पारोळा नीट दिसलं. वाटणीचं मात्र अजून जमलेलं नाही.