निलगिरीची वाफेची गाडी: चढतानाच बसा

तुम्ही दोघं उटीहून खाली मेट्टुपाळयमला गाडीनं उतरायचं म्हणताय, त्यावरून लिहितो. जमलं तर दिशा उलटी करा. इंजिनाची खरी ताकद चढावर कळते.

मेट्टुपाळयमहून गाडी सकाळी सातच्या सुमारास निघते. कल्लार स्टेशननंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते, तिच्यात इंजिनाची दातेरी चाकं अडकतात म्हणून गाडी घसरत नाही. तिथून कुन्नूरपर्यंत चढ जवळपास बारास एक, म्हणजे बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर! इंजिन खालच्या बाजूला राहून डबे वर ढकलतं, त्यामुळे सगळ्यात पुढच्या डब्यातून समोरचा रूळ आणि जंगल मोकळं दिसतं. या एक्स वर्गाच्या इंजिनांना चार सिलिंडर आहेत. दोन नेहमीची चाकं फिरवतात. त्यांतून बाहेर पडलेली वाफ वाया न घालवता उरलेल्या दोघांना देतात आणि ते दातेरी चाकं फिरवतात. सपाटीवर आणि चढावर इंजिनाचा आवाज कसा बदलतो, ते कान देऊन ऐका. माझ्या बायकोला रेल्वेची फारशी आवड नव्हती, पण हिलग्रोव्हला इंजिन पाणी प्यायला थांबलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच उतरून बघायला गेली.

कुन्नूरला १८९९ मध्ये आणि उटीला १९०८ मध्ये गाडी पोचली. कुन्नूरच्या पुढे साधारणपणे डिझेल इंजिन लागतं, म्हणून तिथला लोकोशेड (इंजिनं ठेवायची जागा) आधी बघून घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र टाळाच, पावसात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो. तिकिटंही फार लवकर संपतात.