व्यायलेल्या डुकरिणींना दूध कमी: शतावरी-मेथी द्यावी का, किती?

शिरूर_वराहपालन
लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या तीन डुकरिणी गेल्या आठवड्यात व्यायल्या, प्रत्येकीखाली 9-10 पिल्लं. दूध पुरत नाही. पिल्लं सारखी किंचाळतात, पोटं खपाटीला गेलीत. भरडा असा: बाजरी 45 टक्के, गव्हाचा भुसा 20, शेंगदाणा पेंड 20, सोयाबीन पेंड 12, बाकी खनिज मिश्रण आणि मीठ. दिवसाला साडेतीन किलो. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात शतावरी पूड मिळते, मेथी घरची आहे, बांधावर शेवगा आहे. काय आणि किती द्यावं? शेंगदाण्याऐवजी सरकी पेंड स्वस्तात मिळतेय, चालेल का?

पशुवैद्य_हवेली
पूड आणायच्या आधी कासेला हात लावून बघा आणि थर्मामीटर लावा. कास गरम, दगडासारखी, ताप 40 अंशांच्या वर, योनीतून घाण स्राव असेल तर तो कासदाह-गर्भाशयदाह. त्यात त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा, काढे करत बसायचं नाही.

पण कास सपाट, मऊ आणि ताप नाही, तेही तिघींना एकदमच, असं असेल तर मला बाजरीची शंका येते. फुलोऱ्यात पाऊस लागलेल्या बाजरीवर अरगट हा बुरशीजन्य रोग येतो. दाण्याच्या जागी काळपट, कडक, दाण्याहून लांबट गाठी दिसतात. त्यातली विषं प्रोलॅक्टिन हे दूध तयार करवणारं संप्रेरक दाबतात, म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत कास भरतच नाही. दूध अडकलेलं नसतं, तयारच झालेलं नसतं. तिथे शतावरी काय करणार?

तपासणी सोपी: 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवा, न भरडलेली बाजरी टाकून ढवळा. अरगट आणि पोचट दाणे वर तरंगतात. भरडल्यावर काहीच ओळखू येत नाही. मिठाच्या पाण्यातली बाजरी तशीच खायला घालू नका.

शिरूर_वराहपालन
कास सपाटच आहे, ताप 39 च्या आसपास. उरलेल्या पोत्यातली बाजरी टाकली तर काळे तुकडे बरेच वर आले. अजून दोघी गाभण आहेत, तोच भरडा खातात.

पशुवैद्य_हवेली
त्या दोघींची बाजरी आजच बंद. एरवी खाद्य 4-5 दिवसांत हळूहळू बदलतात, इथे थांबू नका. या तिघींच्या पिल्लांना दुसरी दुभती डुकरीण असेल तर तिच्याखाली वाटून द्या, नाहीतर दूधपर्यायी पावडर कोमट पाण्यात, दिवसातून 5-6 वेळा.

खाद्यगणित
बाजरी निघाली तरी साडेतीन किलोत 10 पिल्लं पोसली जाणार नाहीत. ढोबळ हिशेब: आईसाठी 2 किलो, वर प्रत्येक पिल्लामागे अर्धा किलो. म्हणजे 7 किलो. व्यायल्याच्या दिवशी थोडंच, मग रोज अर्धा-एक किलो वाढवत आठवड्यात तिथे पोहोचायचं. एकदम ओतलंत तर खाणंच सोडते.

भरडा: मका 60, सोयाबीन पेंड 25, भुसा 12, खनिज मिश्रण अडीच, मीठ अर्धा. भुसा बद्धकोष्ठाला उत्तम, पण तो व्यायच्या आधीच्या आठवड्यात वाढवायचा. दुभतीला 20 टक्के दिला की पोट भरतं, ऊर्जा मिळत नाही. शेंगदाणा पेंडीत लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी, आणि बुरशी लागली तर तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं. सरकी पेंड तर नकोच, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य डुकरांना बाधतं.

पाणी दिवसाला 30-40 लिटर लागतं. पाण्याच्या नळीचं निपल दाबून अर्ध्या मिनिटात 1 लिटर भरतं का बघा. 25 अंशांवर तापमान गेलं की ती कमी खाते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी 38 असतं. म्हणून पहाटे 5 ला आणि रात्री 8 नंतर, ओलं करून द्या. उरलेलं आंबायच्या आत गव्हाणीतून काढा.

हे सगळं जमलं की मगच वनस्पती. मेथीपूड भरड्याच्या किलोमागे 1 ते 2 ग्रॅम, कडवट असल्याने जास्त घातली तर खाणं घटतं. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून 2-3 टक्के चालतो. लसूणघास गाभणीला दीड-दोन किलो द्या, दुभतीला मूठभरच, कारण तिचं पोट पाण्याने भरतं. शतावरीसाठी गाईच्या औषधाच्या डब्यावरची मात्रा वजनाच्या त्रैराशिकाने काढू नका, त्याला आधार नाही.

शिरूर_वराहपालन
राहिलेली बाजरी कोंबड्यांना घालू का?

पशुवैद्य_हवेली
नको. कोणत्याच जनावराला नको. पुरून टाका.