मदत हवी आहे : २०१० च्या मॅकबुक प्रोवर व्हेंच्युरा बसवताना कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड ओळखले जात नाहीत

नमस्कार. नेरूळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयासाठी एका सभासदांनी आपला वापरात नसलेला मॅकबुक प्रो दिला आहे. १३ इंची, २०१० च्या मध्यात आलेले मॉडेल, २.४ गिगाहर्ट्झचा कोअर २ ड्युओ प्रोसेसर, एनव्हिडियाची ३२०एम ग्राफिक चिप; एसएसडी आणि ८ जीबी रॅम त्यांनीच पूर्वी बसवून घेतली होती. लॅपटॉप ठणठणीत आहे, परंतु या मॉडेलला अधिकृतपणे चालणारी शेवटची प्रणाली म्हणजे २०१७ ची हाय सिएरा, आणि हाय सिएरावर क्रोम ११६ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. संस्थेचे खाते ज्या बँकेत आहे तिच्या संकेतस्थळाला हा ब्राउझर आता चालत नाही. देखभाल शुल्काचे सगळे हिशेब नंबर्समध्ये (ॲपलच्या हिशेबतक्त्यांच्या ॲपमध्ये) आहेत आणि समितीतील ज्येष्ठ मंडळींचा हात त्यावर बसलेला आहे, त्यामुळे लिनक्सचा सल्ला कृपया या धाग्यापुरता बाजूला ठेवावा.

ओपनकोअर लेगसी पॅचर (ॲपलने आधार काढून घेतलेल्या जुन्या मॅकवर नवी प्रणाली बसवू देणारे साधन) वापरून मी व्हेंच्युराचा, म्हणजे २०२२ च्या मॅकओएस प्रणालीचा, पेनड्राइव्ह याच लॅपटॉपवर, हाय सिएरामधून तयार केला. मॉडेल म्हणून मॅकबुकप्रो ७,१ हेच दाखवले जात होते. ऑप्शन कळ दाबून सुरू केल्यावर ओपनकोअरची निवडसूची येते आणि तिथे लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड व्यवस्थित चालतो : बाणाच्या कळांनी पर्याय बदलता येतो, एंटर दाबल्यावर इन्स्टॉलर सुरू होतो. सफरचंदाचे चिन्ह येते, पट्टी भरते, भाषा निवडण्याची यादी पडद्यावर दिसते, आणि तिथून पुढे काहीही करता येत नाही. ट्रॅकपॅडवर बोट फिरवले तरी बाण हलत नाही, कोणतीही कळ लागत नाही, कॅप्स लॉकचा हिरवा दिवाही लागत नाही.

साधा वायरचा यूएसबी कीबोर्ड बाजूच्या पोर्टला लावून पाहिला. त्याचाही न्यूम लॉकचा दिवा पेटला नाही. डोंगलवर चालणाऱ्या बिनतारी माउसचीही हीच गत. मला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की, त्याच पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावला तर तो मात्र बिनतक्रार वाचला जातो. किंबहुना इन्स्टॉलर स्वतःच त्याच्यावरून चालू आहे. एसएमसी आणि एनव्हीरॅम (वीज आणि सुरुवातीच्या मांडणीच्या नोंदी) रीसेट करून फरक पडला नाही. पुन्हा हाय सिएरात गेल्यावर कीबोर्ड, ट्रॅकपॅड, माउस सारे काही पूर्ववत चालते.

वाशीतील एका दुरुस्तीवाल्यांना दाखवले असता त्यांनी टॉपकेस, म्हणजे कीबोर्डसकट वरचा संपूर्ण भाग, बदलावा लागेल असे सांगितले. हाय सिएरात चालणारा कीबोर्ड नादुरुस्त कसा, या प्रश्नावर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते. संस्थेचे पैसे असल्याने तो खर्च करण्यापूर्वी जाणकारांनी सांगावे : हा दोष हार्डवेअरचा आहे, पॅचरच्या मांडणीचा आहे, की व्हेंच्युराचाच आहे? आणि काही खर्च न करता किंवा थोडक्या खर्चात यातून वाट निघेल का?

प्रतिसाद

टॉपकेसला हात लावू नका. तुम्ही दिलेल्या माहितीतच उत्तर आहे. निवडसूचीत कीबोर्ड चालतो तो लॅपटॉपच्या फर्मवेअरमुळे, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधील मूळ सॉफ्टवेअरमुळे. इन्स्टॉलर सुरू झाला की फर्मवेअर बाजूला होते आणि मॅकओएसचे स्वतःचे ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे प्रोग्राम, सूत्रे हाती घेतात. हा हस्तांतराचा क्षण ओलांडताच कीबोर्ड गप्प होतो, याचा अर्थ तो चालवणारा ड्रायव्हर नव्या प्रणालीत नाही.

तो खरोखरच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या व्हेंच्युरातून ॲपलने यूएसबी १.१ चे, म्हणजे यूएसबीच्या जुन्या संथ प्रकाराचे, ड्रायव्हर काढून टाकले. तुमच्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये प्रत्येक पोर्टच्या मागे दोन वेगळे कंट्रोलर असतात. ४८० मेगाबिट वेगाची उपकरणे, म्हणजे पेनड्राइव्ह वगैरे, ईएचसीआय या कंट्रोलरकडे जातात. १.५ किंवा १२ मेगाबिट वेगाची उपकरणे, म्हणजे कीबोर्ड, माउस, डोंगल, त्याच पोर्टमधून ओएचसीआय या जुन्या कंट्रोलरकडे वळवली जातात. ठाणे स्थानकात धीम्या मार्गावर मेगाब्लॉक असताना जलद गाड्या नेहमीसारख्या धावाव्यात, तसे तुमच्या पोर्टचे झाले आहे. लॅपटॉपचा अंगचा कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड हे आतून १२ मेगाबिटच्या यूएसबीवरच जोडलेले असतात, आणि अंगचे ब्लूटूथही, त्यामुळे ब्लूटूथ कीबोर्ड विकत आणण्याच्या फंदात पडू नका.

वाट सोपी आहे : यूएसबी २.० चा हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी. हब स्वतः ४८० मेगाबिटने बोलत असल्यामुळे तो ईएचसीआयकडे जातो, आणि त्याला लावलेल्या संथ कीबोर्डचे बोलणे हबमधील ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर नावाचा भाग वेगवान भाषेत पोहोचवतो. ओएचसीआयची गरजच उरत नाही. पेनड्राइव्ह एका पोर्टमध्ये सरळ लावा आणि दुसऱ्या पोर्टमध्ये हब, त्याला वायरचा कीबोर्ड आणि वायरचा माउस. हे सगळे लॅपटॉप सुरू करण्यापूर्वीच जोडून ठेवा. वेगळ्या वीजजोडणीचा हब लागत नाही. यूएसबी ३.० चा हबही चालेल, कारण त्याच्या पोटात २.० चा हब असतोच.

हब घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण वेष्टनावर २.० छापलेले काही स्वस्त हब प्रत्यक्षात १२ मेगाबिटचेच निघतात आणि त्यांचा इथे शून्य उपयोग आहे. तपासण्यासाठी हाय सिएरातच हब जोडा, सिस्टिम इन्फर्मेशन उघडून यूएसबीची यादी पाहा आणि हबच्या नावावर टिचकी मारा. वेग ४८० दिसला पाहिजे. त्याच्याखालच्या कीबोर्डचा वेग १.५ किंवा १२ दिसेल, त्याची चिंता नको. त्याच यादीत अंगचा कीबोर्ड वेगळ्या बसखाली आणि १२ मेगाबिटवर दिसेल, म्हणजे मी वर लिहिलेले स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल.

व्हेंच्युरा बसल्यानंतर सुरुवातीची मांडणीही हबवरच करावी लागेल. मग पॅचर उघडून पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच (बसवलेल्या प्रणालीत घातल्या जाणाऱ्या दुरुस्त्या) बसवा; पॅचरच्या ०.६.० पासूनच्या आवृत्त्या यूएसबी १.१ चे ड्रायव्हर त्यातून परत बसवतात. त्या वेळी फाइली उतरवाव्या लागतात आणि वायफाय चालेलच असे नाही, म्हणून इंटरनेटची केबल हाताशी असू द्या. ग्राफिकचे पॅचही याच टप्प्यात बसतात, त्यामुळे तोवर खिडक्या रखडत उघडतील. लॅपटॉप अडकला असे समजून बंद करू नका.

प्रतिसाद

वरील उत्तर पूर्ण आहे, त्याला दोन जोड देतो. हबचा खटाटोप नको असेल तर मॉन्टेरे, म्हणजे व्हेंच्युराच्या आधीची प्रणाली, बसवता येईल. तिच्यात यूएसबी १.१ चे ड्रायव्हर शाबूत आहेत, कीबोर्ड इन्स्टॉलरमध्येच चालतो. अर्थात तिची सुरक्षा अद्यतने २०२४ मध्ये थांबली, आणि तुम्हाला बँकेचे काम करायचे आहे, म्हणून माझे मत व्हेंच्युराच्याच बाजूने आहे.

दुसरे असे की, २०१० च्याच १५ इंची मॅकबुक प्रोचे अनुभव वाचून गोंधळू नका. त्यात कोअर आय५ आणि आय७ होते, आणि त्या पिढीच्या चिपसेटमध्ये इंटेलने जुने कंट्रोलर काढून चिपच्या आतच हब घातले, त्यामुळे ‘माझ्याकडे तर काहीच अडचण आली नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात. पीसीवाल्यांनी याची उलटी बाजू भोगली आहे : इंटेलच्या २०१५ च्या स्कायलेक पिढीच्या बोर्डांतून ईएचसीआय गेले, विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नव्हते, आणि लोक माळ्यावरचे गोल पिनचे पीएस/२ कीबोर्ड शोधत बसले होते.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. स्थानकाजवळून घेतलेला पहिला हब हाय सिएरातील यादीत १२ मेगाबिटचाच दिसला. दुकानदारांनी तो कुरकुर न करता बदलून दिला आणि दुसरा ४८० दाखवू लागला. तो लावून इन्स्टॉलर सुरू केला, तर भाषेची यादी येण्यापूर्वीच न्यूम लॉकचा दिवा लागला. व्हेंच्युरा बसली, केबलने इंटरनेट जोडून रूट पॅच बसवले, लॅपटॉप पुन्हा सुरू झाल्यावर ट्रॅकपॅडवर बाण हलला आणि कॅप्स लॉकही चालू लागला. बँकेचे संकेतस्थळ उघडते, नंबर्समधील जुने हिशेबही उघडले.

एक शंका उरते. हा लॅपटॉप कार्यालयात माझ्याशिवाय सचिव आणि व्यवस्थापकही वापरणार आहेत. त्यांच्यापैकी कोणी नकळत अद्यतन बसवले तर काय होईल?

प्रतिसाद

अद्यतन बसताना प्रणालीचा मूळ खंड नव्याने लिहिला जातो आणि पॅच पुसले जातात, म्हणजे लॉगिनच्या पडद्यावरच कीबोर्ड पुन्हा बंद पडेल आणि पासवर्ड टाकता येणार नाही. विदा कुठेही जात नाही. हब लावून आत जायचे, रूट पॅच पुन्हा बसवायचे, लॅपटॉप पुन्हा सुरू करायचा, एवढेच. सेटिंग्जमधील जनरल, त्यातील सॉफ्टवेअर अपडेट येथे जाऊन स्वयंचलित अद्यतने बंद करा, ती तुम्ही स्वतःच सवडीने बसवा; आणि हब व वायरचा कीबोर्ड घरी न नेता कार्यालयाच्या कपाटात, सचिवांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा. ओपनकोअर पेनड्राइव्हवरून आतल्या एसएसडीवर घेतले नसेल तर तेही पॅचरमधून आजच करून टाका, नाहीतर कोणीतरी पेनड्राइव्ह काढून नेईल आणि लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणून तुम्हाला नवा धागा काढावा लागेल.