मदत हवी आहे: २४/१९२ च्या (२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ) गाण्यांच्या फाइल वायफायवर अडखळतात

नासवरच्या (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यातल्या) फाइल, लिनक्सवर एमपीडी (गाणी वाजवणारा प्रोग्राम), पुढे यूएसबी डॅक (डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारं यंत्र) अशी जोडणी आहे. १६/४४.१ ची (सीडीच्या दर्जाची) फ्लॅक फाइल तासन्‌तास नीट वाजते. २४/१९२ लावली की अधूनमधून आवाज तुटतो. लॅन केबलवर तक्रार नाही, म्हणजे डॅक निर्दोष. राउटरला पिंग केलं (छोटा संदेश पाठवून उत्तराचा वेळ मोजला) तर एरवी ४ मिलिसेकंद, मधेच तीन-चार सेकंद उत्तरच नाही. एमपीडीचा ऑडिओ बफर (वाजवण्याआधी आवाज भरून ठेवायची जागा) ४०९६ केबी आहे. १६/४४.१ ला तो तेवीस-चोवीस सेकंद पुरतो, २४/१९२ ला (एमपीडी २४ बिट ३२ मध्ये ठेवतो) जेमतेम पावणेतीन. बफर ३२७६८ केला तर झाकपाक होईल, पण मूळ दुखणं वायफायचंच. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल १, ६, ११ तिन्ही पाहिले, रुंदी २० मेगाहर्ट्झ. वायफायचं पॉवर सेव्ह (वीज वाचवायला ते मधेमधे झोपवणं) अजून चालूच आहे. एवढा मोठा खंड त्याने पडतो का? की वायफाय डोंगलच बदलू? घर भाड्याचं, भिंतीतून केबल नेता येत नाही.