हत्तीरोगाचा डास हवाईच्या जंगलातले पक्षी मारतोय? जाणकारांनी सांगावं

समाहारक_चंद्रपूर

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यात हत्तीरोग पथकात ३१ वर्षं कीटक समाहारक होतो. रात्री नऊनंतर दारोदार फिरून बोटाला सुई टोचायची, कारण हत्तीरोगाचे जंतू रात्रीच कातडीजवळच्या रक्तात येतात. सकाळी त्याच घरांत टॉर्च आणि काचेची शोषणनळी घेऊन खुंटीवरच्या कपड्यांमागे, खाटेखाली बसलेले डास पकडायचे. त्यामुळे क्युलेक्स डास मी अंधारातही ओळखेन. आमचे जुने साहेब त्याला फॅटिगन्स म्हणायचे.

सध्या लेकीकडे हवाईत आहे, हिलो गावात. इथे पाऊस आंबोलीसारखा. परवा घरामागची बादली हलवली तर पाण्यात अळ्या. डोकं खाली, शेपटीची नळी वर, अंग तिरपं. वाटीत घेऊन उन्हात पाहिल्या. आपलाच तो, गटारातला.

रविवारी जावयांनी मौना केआ डोंगराच्या बाजूला नेलं. सतराशे मीटरच्या आसपास काळ्या लाव्हाच्या मधोमध जंगलाचे तुकडे राहिलेत. स्वेटर घालावा लागला. तिथे ओहिआच्या झाडावर इइवी पाहिला. डाळिंबाच्या फुलासारखा लाल, काळे पंख, चोच कोयत्यासारखी वाकडी. आवाज गोड नाही, तेल न घातलेल्या रहाटासारखा कुरकुरतो. पण तो फुलात चोच घालून क्षणभर थांबला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. वाटेत भेटलेल्या एक बाई म्हणाल्या, पूर्वी हे खाली समुद्राकाठापर्यंत असायचे, डासांनी संपवले. हिलोत मला दिसते ती आपली साळुंकी!

तेव्हापासून झोप नीट नाही. ज्या डासामागे जन्म घालवला तो इथे पक्ष्यांना कसा मारतो? वर जंगलात ना गटार ना संडासाची टाकी, मग तो वाढतो कुठे? आणि आता काही करता येतं का?

रानवाटा

काका, तुमचा डास १८२६ साली हवाईत उतरला. देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांच्या पाण्याच्या पिंपांतून मावी बेटावर आला असं मानतात. त्याआधी या बेटांवर चावणारा डासच नव्हता. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांसोबत पक्ष्यांचा हिवताप आला. हा माणसाला होत नाही. परजीवीचं नाव प्लाझमोडियम रेलिक्टम. १८९८ मध्ये कलकत्त्यात रोनाल्ड रॉस यांनी डास हिवताप पसरवतो हे पक्ष्यांवरच सिद्ध केलं, ते याच परजीवीवर आणि तुमच्याच क्युलेक्सवर.

आपल्या चिमण्या-साळुंक्यांच्या पिढ्या या तापासोबत वाढल्या. हवाईच्या पक्ष्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. प्रयोगात एकच बाधित डास चावल्यावर दहातले नऊ इइवी मेले. या कुळातल्या पन्नासाहून जास्त जाती होत्या, आता १७ उरल्यात.

जे वाचले ते थंडीमुळे. १३ अंशांच्या खाली परजीवी डासाच्या पोटात वाढत नाही. म्हणून साधारण दीड हजार मीटरच्या वरचं जंगल सुरक्षित होतं. आता वरही ऊब पोचते आहे. मौना केआवर पक्ष्याला अजून वर सरकायला जागा तरी आहे. काउआई बेटाचं सगळ्यात उंच टोकच १,६०० मीटरच्या आत आहे! तिथल्या अकिकिकी या छोट्या राखाडी पक्ष्याची रानातली संख्या २०२३ मध्ये पाचच्या आसपास उरली होती.

गटाराचं म्हणाल तर तिथलं गटार डुकरं करतात. मोकाट रानडुकरं झाडनेच्यांची (झाडासारखे वाढणारे फर्न) खोडं पाडून आतला गाभा खातात, पोकळीत पावसाचं पाणी साचतं.

मनीषा_सिअ‍ॅटल

मी काउआईला अलाकाईच्या दलदलीतल्या फळ्यांच्या वाटेवर सकाळभर चालले आहे. धुकं, पागोळ्या, शेवाळ, अगदी कोकणातल्या देवराईसारखं. पण वरून आवाज नाही. देवराईत शिरल्यावर आधी कान भरतात, तिथे स्वतःच्या बुटांचाच आवाज येत होता. तिथल्याच ओओ पक्ष्याच्या नराची साद शेवटची १९८७ मध्ये ऐकली गेली. मादी उरली नव्हती, तो तरीही बोलावत होता. त्याचं ध्वनिमुद्रण मी एकदाच ऐकलं, परत लावायचा धीर झाला नाही.

समाहारक_चंद्रपूर

रानवाटा, झाडनेच्याचं वाचून खुर्चीतून उठलो. आम्ही पडक्या घरातला रांजण शोधायचो, इथे तो जंगलात पडलाय. थंडीचंही लगेच पटलं. हत्तीरोगाच्या जंतूलाही डासाच्या पोटात तयार व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, आणि थंडीत हे सगळंच लांबतं. डिसेंबरात चंद्रपुरातही अळीचा डास व्हायला उन्हाळ्याच्या दुप्पट दिवस लागायचे, आमच्या वहीत तशा नोंदी आहेत. जंतू तयार व्हायच्या आत डास मेला तर तो डास बिनविषारी. म्हणजे इथे दोन अंशांचा फरक हा जगण्यामरण्याचा फरक आहे. हे मला तक्ता काढून कुणी समजावायला नको.

पण हजारो एकर डोंगरावर टेमिफॉस, म्हणजे अळ्या मारायचं औषध, कसं टाकणार? गप्पी मासे सोडावेत तर तेही परकेच. मग उपाय काय?

रानवाटा

औषध नाही फवारत काका, नर डास सोडतात. नर चावत नाही हे तुम्हाला सांगायला नको. क्युलेक्सच्या शरीरात वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतोच. सोडलेल्या नरात त्याचा वेगळा वाण असतो. अशा नराशी जंगलातल्या मादीचा संग झाला की तिची अंडी फुटत नाहीत. मावीवर नोव्हेंबर २०२३ पासून हेलिकॉप्टरमधून असे लाखो नर सोडताहेत, नंतर काउआईवरही सुरू झालं, आता ड्रोनही वापरतात. थांबून चालत नाही, आठवड्यामागून आठवडे सोडत राहावं लागतं.

आणि ही युक्ती तुमच्याच खात्यातली. १९६७ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो गावात लावेन नावाच्या शास्त्रज्ञांनी न जुळणारे नर सोडून क्युलेक्स संपवून दाखवला होता. तेव्हा झगडा हत्तीरोगाशी होता.

थोडी आशा पक्ष्यांकडूनही आहे. अमाकिही नावाचा हिरवट पिवळा पक्षी तुम्ही आहात त्या मोठ्या बेटावर खालच्या जंगलातही टिकलाय, त्यातल्या काहींना ताप सोसतो. इइवीचं मात्र तसं नाही. तो मधासाठी फुलोऱ्यामागे डोंगर उतरतो, आणि तिथेच त्याला डास गाठतो.

समाहारक_चंद्रपूर

ओक्पोचं आमच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं, पण एका गावापुरता प्रयोग म्हणून. त्याची गाठ इथे पडेल असं वाटलं नव्हतं. डोळे भरून आले, खरं सांगतो.

तुमचं शेवटचं वाक्य वाचून बाहेर गेलो. बादली, कुंड्यांखालच्या बशा, पन्हळीत अडकलेला पाला, सगळं रिकामं केलं. एका बशीत अंड्यांचा तराफा होता, ज्वारीच्या कण्यांएवढा, काजळीच्या रंगाचा. तो बोटाने फरशीवर पुसला. नात विचारत होती आजोबा काय करताय. तिला शिकवलं, दर शनिवारी कोरडा दिवस पाळायचा, घरात पाण्याचा थेंब साठू द्यायचा नाही. शेजारच्या दोन घरांतही लेकीला घेऊन जाऊन आलो. इंग्रजी ती बोलली, अळ्या मी दाखवल्या.

रानवाटा, एक सांगाल का? हिलोच्या वरच्या अंगाला ओहिआ कुठल्या महिन्यांत जास्त फुलतो? त्याच्या आधी जमतील तेवढी घरं फिरून घेतो. माझा परतीचा विमानप्रवास मार्चमध्ये आहे, पण पुढे ढकलता येतो.