'शॅडो आयटी'ला मराठीत काय म्हणाल?

लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आयटीला आहे. ऑडिटवाले आले की हा शब्द ठरलेला, शॅडो आयटी, म्हणजे आम्हाला न विचारता एखाद्या डिपार्टमेंटने आपापलं ॲप घेतलं, कार्डावर पैसे भरले आणि कंपनीच्या फायली तिकडे जाऊन बसल्या. प्लांटमधल्या लोकांसाठी मराठीत सूचना लावायचीय, 'छाया माहिती तंत्रज्ञान' लिहिलं तर हसतील. सुचवा.

– चोरटं आयटी. विषय संपला.

– चोरटं नको हो. सेल्सवाला फाइल गूगल ड्राइव्हवर टाकतो ती काय चोरायला नाही, तुमची मंजुरी यायला तीन आठवडे लागतात म्हणून टाकतो. आपला 'परभारे' आहे की. बागायतदाराने दलालाला न सांगता पेट्या परभारे पुण्याला धाडल्या म्हणतो ना आपण, आंबे त्याचेच, फक्त मधल्या माणसाला वळसा. परभारे घेतलेलं ॲप, मस्त बसतंय.

– परभारे आवडला. पण मग आम्ही दलाल ठरलो की!

– रागवू नका, पण थोडे आहातच. आमचे काका मुंबईला ईडीपीत, म्हणजे कंपनीच्या संगणक खात्यात होते, तेव्हा काचेमागची एसी खोली, चपला बाहेर काढून आत जायचं, आणि पगाराची यादी पंचकार्डावर. पुढे त्याचं एमआयएस झालं, मग सिस्टिम्स, मग आयटी, पाट्या बदलत गेल्या पण किल्ली त्यांच्याचकडे, अहो मशीनच एक, परभारे जाणार कुठे? २००६ मध्ये ॲमेझॉनने सर्व्हर तासाच्या भाड्याने द्यायला घेतले तिथून ती किल्ली सुटली.

– आमची किल्ली वाशिष्ठी नदीच्या पुराने नेली. २२ जुलै २०२१, तळमजल्यावरचा सर्व्हर यूपीएससकट पाण्यात, आणि बॅकअपची डिस्क कुठे तर त्याच कपाटात 😑 नंतर सगळं क्लाउडवर (पावसाने बुडवलेलं आम्ही ढगात नेऊन ठेवलं). आता आयटीत दोन माणसं, सर्व्हर एकही नाही, दिवसभर कोणाला काय उघडायची परवानगी तेवढंच बघतात. आम्ही त्यांना राखणदार म्हणतो.

– राखणदार म्हणजे गावाचं रक्षण करणारा देव, म्हणजे नारळ आला. आणि आयटीकडे तक्रारीचं तिकीट टाकणं म्हणजे गाऱ्हाणं घालणं, होय महाराजा!

– आमच्याकडे गाऱ्हाणा देवाक घालतत, आयटीक न्हय. देव ऐकता तरी.

– 😂 राखणदार मात्र पटलं. सर्ट-इनचा (सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) एप्रिल २०२२ चा आदेश आहे, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सिस्टिममध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. आता परभारे घेतलेल्या ॲपात काही झालं तर आम्हाला ६ तासांत काय ६ महिन्यांत पत्ता लागायचा नाही, कारण ते ॲप आहे हेच ठाऊक नसतं.

– परभारे कशाला, सरळ 'परस्पर' लिहा, सगळ्यांना कळतं.

– परस्परला वास येतो. जमीन परस्पर विकली, खात्यातले पैसे परस्पर वळवले, सगळी लबाडीचीच उदाहरणं. परभारेत वाट बदलली एवढंच, कधी घाईने कधी कंटाळून.

– हेच म्हणायचं होतं. सूचना अशी लिहिली: "आयटीला न सांगता कोणतंही ॲप परभारे वापरू नये. लागत असेल तर आधी सांगा, २ दिवसांत उत्तर देऊ." साहेबांनी 'परभारे' ठेवला, '२ दिवसांत' तेवढं खोडलं.