नवऱ्याचा रिपोर्ट शून्य, आणि बोलणी मी खायची?

सोलापूरची सून
लग्नाला पाच वर्षं झाली. त्यातली तीन वर्षं माझ्याच तपासण्या चालल्या, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला. ह्यांची वीर्यतपासणी मागच्या उन्हाळ्यात झाली. शुक्रजंतू शून्य. परत नमुना दिला, तेच. त्या रात्री हे गच्चीतून खाली येईनात. मीच म्हणाले, "घरी सांगू, अडचण माझ्यात आहे." तेव्हा तोच आधार वाटला. आता जावेच्या ओटीभरणात सासूबाईंनी मला ओटीचं ताट धरू दिलं नाही, आणि हे मान खाली घालून उभे. साथ द्यायची, पण दोष आपल्या अंगावर घ्यायचा नाही, असं माझं आता ठाम मत झालंय.

अशोक चौकातली मावशी
पोरी, तू केलंस तेच बरोबर. आमच्या पूर्व भागात भिंतीला भिंत लागून घरं. बाई चार शब्द गिळते. गड्याला यंत्रमागावर, चहाच्या टपरीवर रोज कुणीतरी टोचणार. तो खचला तर दवाखान्यात कोण जाणार? आणि सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, उष्णतेत काम करणाऱ्यांना होतंच असं, त्यात लाज कसली.

लॅबवाला
मावशी, उष्णतेनं संख्या घटू शकते. पण शून्य आलं तर तेवढ्यावर थांबू नका. मार्ग अडलाय की शुक्रजंतू तयारच होत नाहीत, हे हार्मोनच्या रक्ततपासणीतून आणि युरॉलॉजिस्टनं (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर) तपासल्यावर उलगडतं. मार्ग अडला असेल तर अंडकोषातून सुईनं शुक्रजंतू काढून 'इक्सी' करता येतं, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्रजंतू थेट स्त्रीबीजात सोडतात. शून्य रिपोर्ट म्हणजे नामर्दपणा नव्हे, हे आधी ह्यांना सांगा. ताकदीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं कुणी दिली असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्यानं शुक्रजंतू बनणं उलट बंद पडतं. ताई, तुमच्या खोट्यामुळं घरचे तुम्हालाच दवाखाने फिरवत राहतील आणि खरा उपचार मागं पडेल. मला हेच जास्त लागतं.

होटगी रोड
मीही असाच शून्य रिपोर्ट आलेला एक नवरा. माझ्या बायकोनं मला न विचारता तिच्या आईला सांगितलं. आठ दिवसांत मेव्हण्याचा फोन, "दाजी, काळजी करू नका." त्यानंतर वर्षभर मी सासरी गेलो नाही, डॉक्टरकडंही नाही. बायको खरंच बोलली होती, पण रिपोर्ट माझ्या शरीराचा होता. सांगायचं की नाही, हे मीच ठरवायला हवं होतं.

मावशी
बघ, हाही तेच म्हणतोय.

सोलापूरची सून
नाही मावशी, ते वेगळं म्हणतायत. रिपोर्ट मी कुणाला दाखवणार नाही. पण "माझ्यात अडचण" हे माझे शब्द मी मागं घेणार. दादा, तुमचं वाचून काल रात्री ह्यांना विचारलं, काय सांगू दे, किती सांगू दे? बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईला मी सांगतो, तपासणी दोघांची चाललीय, हिला काही बोलू नका. एवढंच." मला तेवढं पुरे आहे.

होटगी रोड
आणि युरॉलॉजिस्टकडं?

सोलापूरची सून
सोमवारी. दोघं जातोय.